तीस टक्के आणि बेचाळीस फाइली

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गेमवाल्याला कळलं, की आपला गेम नापास झाला आहे. तो जेवणाच्या टेबलावर बसला होता. ते टेबल हेच त्याचं ऑफिस होतं. एका टोकाला त्याचा कॉम्प्युटर, दुसऱ्या टोकाला चित्रं काढणाऱ्या बायकोचा, आणि मधे मिठाची बरणी. बरणी सरहद्दीवर असल्यामुळे तिच्याबद्दल नेहमी वाद होत.

गेम बनवायला दोघांना तीन वर्षं लागली होती. एक ओसाड दीपगृह, त्याच्या पायऱ्या चढणारी एक मुलगी आणि पायथ्याशी दोर, तेल नि किल्ल्या विकणारी एक म्हातारी. एवढाच पसारा. पण फोनच्या अ‍ॅप स्टोअरला तो आवडला होता आणि सोमवारी सकाळी तो पहिल्या पानावर लावायचं त्यांनी कबूल केलं होतं. अट एकच. पास झालेली प्रत शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत त्यांच्या हातात हवी. नाहीतर ती जागा रांगेतल्या पुढच्याला.

आणि जागा गेली, तर गेमवाला सोमवारी बायकोच्या थोरल्या भावाच्या पंपांच्या कारखान्यात रुजू होणार होता. तसा त्याने बायकोला शब्द दिला होता. देताना तो शब्द फारच सुरक्षित वाटला होता.

"वाच," बायको म्हणाली.

"'आपल्या गेममधील एक पात्र ग्राहकास बाहेरून स्वस्तात खरेदी करण्याचा सल्ला देते. हे आमच्या नियमांविरुद्ध आहे.' डोकं फिरलंय यांचं! आपल्या गेममध्ये बोलतंय कोण? एकटी म्हातारी. आणि तिची एक्केचाळीस वाक्यं मी स्वतः लिहिलीत."

"लिहिलीस. ऐकलीस का?"

"ऐकली की."

हे अगदीच खोटं नव्हतं. त्याने पहिली सहा ऐकली होती.

म्हातारीचा आवाज होता त्याच्या सासूबाईंचा. सासूबाई वजनमापे निरीक्षक म्हणून तेहेतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या. त्या बाजारात शिरल्या की तराजू आपोआप सरळ होतात, असं म्हणत. आवाजाला जरब होती आणि गेममधल्या म्हातारीला नेमकी तीच हवी होती. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी आपल्या घरी, म्हणजे दोन मजले खाली, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून कपड्यांच्या कपाटात रजयांमध्ये बसून सगळी वाक्यं फोनवर रेकॉर्ड केली आणि पेन ड्राइव्ह जावयाच्या हातात ठेवला. म्हणाल्या, "बेचाळीस आहेत. सगळ्या ऐका."

आता, लग्नाच्या आठ वर्षांत गेमवाल्याने एक कला साध्य केली होती. सासूबाईंचं पहिलं वाक्य ऐकायचं, मग मन दुसरीकडे न्यायचं आणि बरोबर जागेवर परत येऊन "हो, आई" म्हणायचं. फाइलींचंही त्याने तेच केलं. सहा ऐकल्या, खूश झाला आणि बाकीच्या तशाच गेममध्ये घातल्या. बेचाळीसावी चार मिनिटांची होती. लिहून दिलेली वाक्यं तर एक्केचाळीसच. रेकॉर्डिंग बंद करायला विसरल्या असतील, असं म्हणून त्याने ती फोल्डरात तशीच पडू दिली. पुढच्या आठवड्यात सासूबाईंनी जिन्यात विचारलं, "ऐकलंत का?"

"ऐकलं की, आई. आवाज एकदम छान आलाय."

सासूबाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि त्या खाली गेल्या. त्यानंतर त्या वर आल्याच नाहीत. लेकीचे घासलेले डबे लिफ्टमध्ये ठेवायच्या आणि बटण दाबायच्या. डबे वर यायचे, सासूबाई नाहीत. गुडघा दुखत असेल, असं जावयाने ठरवून टाकलं होतं.

"मुद्दाम करतात गं हे," आता तो टेबलाभोवती फेऱ्या घालू लागला. "आपण विकू त्या प्रत्येक किल्लीतले तीस टक्के घेतात, वर अशी दादागिरी! कन्सोलवाल्यांकडे बघ. तोच गेम, तीच म्हातारी. पंधरा दिवसांत पास. एक अवाक्षर नाही!"

"कन्सोलवाले किती टक्के घेतात?"

"तीस. पण त्यांचं वेगळं असतं."

टीव्हीला जोडून खेळायच्या त्या डब्यावर आपला गेम येणार, याचं गेमवाल्याला भारी अप्रूप होतं. कन्सोल कंपनीने चाचणीसाठी पाठवलेलं यंत्र ज्या खोक्यातून आलं, ते रिकामं खोकं त्याने अजून कपाटावर जपून ठेवलं होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

रागाच्या भरात त्याने दोन कामं केली. अ‍ॅप स्टोअरच्या तपासनीसाला उलट मेल लिहिली: असं वाक्य आमच्या गेममध्ये नाही, कान तपासून घ्या. मग तेच सगळ्या जगाला सांगितलं. सोशल मीडियावरच्या आपल्या पानावर लांबलचक पोस्ट टाकली, की म्हातारी बाहेरून घ्यायला सांगते असा खोटा आळ घेऊन फोनवाल्यांनी आमचा गेम अडवला आहे. हाच गेम कन्सोलवाल्यांनी बिनबोभाट पास केला. फोनवाल्यांनी कन्सोलवाल्यांकडून काही शिकावं. खाली कन्सोल कंपनीचं नाव जोडायला तो विसरला नाही. कौतुक त्यांच्यापर्यंत पोचायला नको?

बारा वाजून पाच मिनिटांनी तपासनीसाचं उत्तर आलं. मजकूर दोन ओळींचा, सोबत एक व्हिडिओ. त्यात दुकानाची खिडकी उघडी होती, सोन्याच्या किल्लीवर बोट थांबलं होतं आणि काहीच घडत नव्हतं. तपासनीस बहुधा पाणी प्यायला उठला असावा. मिनिटभराने म्हातारी काउंटरवरून पुढे वाकली. गिऱ्हाईक रेंगाळलं की तिने एक्केचाळीसावं वाक्य बोलायचं, अशी सोय गेमवाल्यानेच केली होती.

"घेऊ नकोस हं बाळा इथून," जेवणाच्या टेबलावर सासूबाईंचा आवाज घुमला. "इथे दीडशे लावलेत. हीच किल्ली यांच्या वेबसाइटवर एकशे पाचला आहे. वरचे पंचेचाळीस दुकानवाल्याच्या खिशात जातात. मला खोटं सांगवत नाही."

बायको हसू दाबायच्या प्रयत्नात खोकू लागली. गेमवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी असं नव्हतं लिहिलं," तो कसाबसा म्हणाला. "मी लिहिलं होतं, 'घेऊन टाक रे बाळा, अशी किल्ली पुन्हा मिळायची नाही.'"

"आणि ऐकली होतीस ना सगळी?"

त्याने आधी पोस्ट काढून टाकली. तोवर ती बाराशे लोकांनी वाचली होती. मग एक्केचाळीसावी फाइल उडवली आणि गेम चालवून पाहिला. म्हातारी पुढे वाकली, तिने तोंड उघडलं आणि फाइल सापडेना म्हणून गेम जागच्या जागी थिजला. म्हातारी तोंड उघडं टाकून बघतच राहिली.

"हिच्या जागी दुसरं एखादं वाक्य घाल," बायकोने सुचवलं. "सातवं घाल. 'ये बाळा, पाय पुसून ये.' चालेल की."

चाललं. दीड वाजता त्याने नवी प्रत पाठवली आणि सोबत माफीची मेल. "कान तपासून घ्या" हे शब्द त्याला आता फार बोचत होते. दोन वाजता उत्तर आलं. तपासनीसाला त्याचा शब्द पुरेसा वाटत नव्हता, आणि त्याला दोष कोण देणार? मेलसोबत एक छापील नमुना होता. गेममध्ये एकूण किती आवाजी फाइली आहेत ते लिहा. त्या सर्व ऐकल्या असून त्यांत नियमभंग करणारं काही नाही, असं लिहून द्या. खाली दोन सह्या. एक गेम बनवणाऱ्याची, एक आवाज देणाऱ्याची.

"आईची सही," बायको म्हणाली.

"तूच कर ना त्यांच्या नावाने."

"माझ्या आईची सही? खोटी?" बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मुकाट्याने चपला शोधू लागला.

दोन मजले खाली सासूबाईंनी दार अर्धंच उघडलं. जावयाने सगळी हकिगत एका दमात सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली, कारण त्यांना तशी सवय होती.

"मी सांगितलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"कधी, आई?"

"सांगितलं होतं."

"अहो पण काय सांगितलं होतं?"

"एकदा बजावलेली नोटीस मी दुसऱ्यांदा बजावत नाही. चष्मा घेऊन येते वर. काय नियम आहे तो वाचल्याशिवाय सही होणार नाही."

अडीचला सासूबाई टेबलाच्या बरोबर मध्यावर, मिठाच्या बरणीसमोर बसल्या. उजव्या हातात पेन्सिल. पडद्यावर पेन्सिल टेकवून टेकवून त्या नियम वाचू लागल्या आणि दर वेळी पेन्सिल टेकली की बायको खुर्चीत पुढे सरकत होती, कारण तो पडदा तिचा होता. तीन वाजले. सव्वातीन झाले. गेमवाला घड्याळाकडे बघत होता आणि नखं खात होता.

"हं," सासूबाई म्हणाल्या. "बाहेर स्वस्त आहे, हे दुकानात उभं राहून सांगायचं नाही, असा नियम आहे यांचा. आता कन्सोलवाल्यांचा दाखवा."

"त्यांचा कशाला? त्यांनी कुठे अडवलंय?"

"दाखवा."

कन्सोल कंपनीचा करार गेमवाल्याने सही करताना उघडला होता, सहीच्या पानापुरता. सासूबाईंनी तो पहिल्या पानापासून धरला. बाविसाव्या पानावर पेन्सिल थांबली.

"हे वाचा."

गेमवाल्याने वाचलं. शब्द वेगळे होते, बाकी नियम तोच.

"टक्के तेच, नियम तोच," सासूबाई म्हणाल्या. "मग फोनवाला चोर आणि हा साव, हे कसं काय?"

"आई, त्यांचं वेगळं असतं. ते यंत्र तोट्यात विकतात. ती भरपाई गेममधून करावी लागते त्यांना. फोनवाले फोन विकतानाच भरपूर कमावतात आणि वर पुन्हा तीस टक्के घेतात."

"यंत्र तोट्यात विकतात, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"त्यांनीच."

"तराजू बरोबर आहे, हे मलाही दुकानदारच सांगायचे."

"बरं, तो मुद्दा सोडा. पण फोन बघा ना. तिकीट त्यावर, बँक त्यावर, डॉक्टरची वेळ त्यावर. फोनवाचून माणसाचं पान हलत नाही. म्हणजे त्या दुकानात गेल्यावाचून इलाजच नाही. कन्सोल काय, हौस असेल त्याने घ्यावा, नसेल त्याने घेऊ नये."

सासूबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "हा मुद्दा बरा आहे. विचार करण्यासारखा आहे. हा तुमच्या त्या पोस्टमध्ये होता का?"

"नाही," बायको म्हणाली. "पोस्टमध्ये होतं की कन्सोलवाले देवमाणसं आहेत."

"म्हणजे मुद्दा होता आणि तुम्ही तो घरीच ठेवून गेलात. हे बघा, दोघांकडे एकच माप न्यायचं. तीस जास्त असतील तर दोघांनाही जास्त म्हणा. एकाची जागा खरंच वेगळी असेल तर ती कशी वेगळी ते मांडा. एकाने तुम्हाला खोकं दिलं म्हणून त्याला सूट, असं नसतं."

कपाटावरच्या खोक्याकडे कोणी पाहिलं नाही, पण सगळ्यांना ते दिसत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मेहुणा होता. "अरे, तुझ्या शर्टाचं माप काय? सोमवारी गणवेश लागेल. अठरा नंबरचा एक शिल्लक आहे, जरा ढगळ होईल, पण पंपांना काय फरक पडतो?"

"दादा, अजून सहा वाजायचेत," गेमवाला म्हणाला.

"बघ बाबा, शिंप्याकडे पाच वाजता माणूस जातोय."

फोन ठेवतो न ठेवतो तोच मेल आली. कन्सोल कंपनीची. गेमवाल्याने ती उभ्यानेच वाचली आणि खुर्ची चाचपत खाली बसला. आमच्याबद्दलच्या आपल्या कौतुकाच्या पोस्टसाठी आभार, असं त्यांनी सुरुवातीला लिहिलं होतं. त्या पोस्टमध्ये उल्लेख केलेली म्हातारी आम्ही आवर्जून ऐकून पाहिली. आपल्या गेमला दिलेली मंजुरी तूर्त थांबवण्यात येत असून, दुरुस्त प्रत आल्यावर फेरतपासणीस तीन आठवडे लागतील.

"म्हणजे त्यांना पत्ताच नव्हता," बायको हळू आवाजात म्हणाली. "तू सांगितलंस."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता उरलं होतं ते फोनवाल्यांचं पहिलं पान, आणि सहाला दोन तास. गेमवाल्याने तपासनीसाचा कागद छापला, पेन घेतलं आणि फाइलींच्या रकान्यात घाईघाईने ४१ लिहिलं.

"बेचाळीस," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ती शेवटची चुकून झालीय. गेममध्ये तिला बोलावणंच नाहीये."

"गेमच्या फोल्डरात आहे की नाही?"

"आहे."

"मग बेचाळीस. आणि त्यात लिहिलंय, सर्व फाइली ऐकल्या. दोन सह्या आहेत. मी ऐकून सही करते, तुम्हीही ऐकून करा. न बघता सही मी तेहेतीस वर्षांत केली नाही."

"आई, चार वाजलेत!"

"तर लावा पटकन."

त्याने लावल्या. एक ते चाळीस. सासूबाई प्रत्येक फाइल संपली की कागदावर बरोबरची खूण करत आणि मगच मान हलवत. त्यांना एक वाक्य दोनदा ऐकावंसं वाटलं, एकाचा उच्चार त्यांचा त्यांनाच पसंत पडला नाही, एकावर त्या स्वतःच हसल्या. गेमवाल्याचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. पाचला पाच कमी होते. एक्केचाळीसावीच्या जागी ते पाय पुसायचं वाक्य आलं, ते आता सगळ्यांना पाठ होतं.

"आता बेचाळीस," सासूबाई म्हणाल्या. आणि मग एकदम उभ्या राहिल्या. "मी जरा पाणी पिऊन येते."

"आई, सर्व फाइली ऐकायच्यात ना? बसा. नियम सगळ्यांना एकच," जावई म्हणाला. दिवसभरात त्याने जिंकलेला हा पहिलाच मुद्दा होता. सासूबाई बसल्या, पण भिंतीकडे तोंड करून.

त्याने बटण दाबलं.

"जावईबापू," रजयांच्या आतून आवाज आला. "ही बेचाळीसावी. ही खेळासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. आधी कामाचं. शेवटचं वाक्य मी बदललंय. अशी किल्ली पुन्हा मिळायची नाही, असं तुम्ही लिहिलंत. मी तीनदा घेतली, तिन्ही वेळा मिळाली. पण मी जे बोलले ते दुकानवाल्यांना चालेलसं वाटत नाही. पाठवण्याआधी त्यांचा नियम बघा. बसत नसेल तर सांगा, दुसरं बोलून देईन."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मिठाच्या बरणीकडे बघत होता.

"आता दुसरं. आठ वर्षांपूर्वी मी हिच्या लग्नाला नाही म्हटलं होतं. घरात बसून खेळ करणारा माणूस काय संसार करणार, असं चारचौघांत बोलले होते. ते तुमच्या कानावर गेलंय, हे मला माहीत आहे. तुम्ही कधी उलट बोलला नाहीत." मधे बराच वेळ नुसती खसफस. "मी जन्मभर लोकांची मापं तपासली आणि तुमचं माप काढताना काटा चुकला. माझा चुकला. तुम्ही चाचणीला दिलेला हा खेळ मी रोज खेळते. दीपगृहाच्या वरच्या खोलीत पोचले आणि ती मुलगी दिवा लावते ना, तेव्हा मला रडू आलं. तुम्ही पंपांच्या कारखान्यात जाऊ नका. मी मुलाशी बोलेन हवं तर. हे तोंडावर सांगता येणार नाही, म्हणून कपाटात बसून सांगतेय. तुम्हाला वाटलं तर उत्तर द्या. घाई नाही." पुन्हा खसफस. "आता हे बंद कुठून करायचं?"

आणखी दीड मिनिट त्या बटण शोधत होत्या. तेही तिघांनी ऐकलं, शेवटपर्यंत.

गेमवाल्याला फार लाज वाटली. दोन महिने एक बाई दोन मजले खाली उत्तराची वाट बघत होती आणि आपण गुडघा दुखत असेल म्हणत होतो. लिफ्टमधून येणारे ते डबे त्याला एकेक करून आठवले.

"आई, मी ही..."

"ऐकलीच नव्हतीत," सासूबाई भिंतीला म्हणाल्या. "ते कळलं आत्ता. मला वाटत होतं, ऐकून गप्प बसलात."

"आई, मी खरंच..."

"आधी सही. पाच वाजून गेलेत. आणि ते पाय पुसायचं वाक्य तिथे शोभत नाही. कपाट कुठाय तुमचं?"

कपाट झोपायच्या खोलीत होतं. त्याचं दार एकदा ओढून घेतलं की आतून उघडत नसे, म्हणून बायको बाहेर हँडल धरून उभी राहिली. आतून फोन हातात घेऊन सासूबाई बोलल्या. "बघ बाळा. किंमत समोर लिहिलीय. विचार कर, मग घे. घाई नाही." एका दमात जमलं. नवं वाक्य बसवून, गेम दोनदा चालवून, दोन सह्यांचा कागद जोडून पाच वाजून एक्केचाळीस मिनिटांनी प्रत गेली.

मग करण्यासारखं काही उरलं नाही. तिघं टेबलाशी बसून राहिली. पाच पन्नास झाले. पाच चौपन्न. बायकोने मिठाची बरणी उगाचच पुसली. गेमवाला मनातल्या मनात अठरा नंबरचा शर्ट घालून पाहत होता. पाच सत्तावन्नला कॉम्प्युटर टिंग वाजला आणि पहिल्यांदा मेल उघडली ती सासूबाईंनी.

"'मंजूर,'" त्यांनी वाचलं. मग पेन्सिलने त्या शब्दाखाली थेट पडद्यावरच एक रेघ ओढली. बायकोने ती रेघ तशीच राहू दिली. तिने दादाला फोन लावला आणि म्हणाली, "दादा, शर्ट राहू दे."

सोमवारी दीपगृह पहिल्या पानावर झळकलं. कन्सोलवाल्यांचे तीन आठवडे चालूच होते. गेमवाल्याने त्यांच्यावर एक जळजळीत पोस्ट लिहायला घेतली, पण बायकोने विचारलं, "तोच मुद्दा आहे की खोकं परत करायचंय?" तेव्हा त्याने ती पुसली. मात्र खोकं कपाटावरून खाली आलं आणि आता त्यात जुने चार्जर राहतात.

पण मधल्या रविवारी एक गोष्ट झाली होती. बायको बाहेर गेली होती. गेमवाला सासूबाईंना उत्तर द्यायला दोनदा जिना उतरला आणि दोनदा परत आला. शेवटी फोन घेऊन तो आपल्याच कपाटात शिरला, दार ओढून घेतलं आणि रजईत तोंड घालून बोलू लागला. लग्नात ऐकलेलं ते वाक्य, त्याने आठ वर्षं मनात धरलेला राग, अर्धं ऐकून म्हटलेले ते सगळे "हो, आई". सगळं बोलून टाकलं. फाइल चाळीस मिनिटांची झाली. पेन ड्राइव्ह त्याने लिफ्टमध्ये ठेवला आणि बटण दाबलं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. खालून काही नाही. बुधवारी संध्याकाळी दारावर टकटक झाली. सासूबाई होत्या, हातात घासलेले डबे. जिन्याने चढून आल्यामुळे त्यांना जरा धाप लागली होती.

गेमवाल्याला राहवेना. "आई, ऐकलंत का?"

"ऐकलं की," सासूबाई डबे ओट्यावर ठेवत म्हणाल्या. "आवाज एकदम छान आलाय."

गेमवाल्याचा चेहरा उतरला. आपणच पेरलेलं उगवलं, तक्रार कोणाकडे करणार? सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. चष्मा पुसायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

"फक्त एक सांगा," त्या म्हणाल्या. "शेवटची पंचवीस मिनिटं तुम्ही कपाटाचं दार ठोकत होतात, ते मग उघडलं कोणी?"